०.९ मिलिमीटरचं झाकण

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका छापखान्यात मी बारा वर्षं खोक्यांचं डिझाइन करते आहे. मिठाईचे खोके, सुक्या मेव्याचे, शेव-मिक्श्चरचे, साड्यांचे. खोक्याचा सपाट आराखडा कॉम्प्युटरवर काढायचा, त्यावर चित्रं आणि अक्षरं बसवायची आणि फाइल डाय करणाऱ्याकडे पाठवायची. तो प्लायवूडमध्ये पोलादी पाती बसवून डाय करतो. धारेची पाती कापायला, बोथट पाती दुमडीची रेघ उमटवायला. चौकोनी खोक्यांचे आराखडे जुन्या फायलींत तयारच असतात. लांबी, रुंदी, उंची बदलली की काम झालं. आराखडा तसाच का असतो, हे बारा वर्षांत मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

मग एका दिवाळीला षटकोनी डब्याची ऑर्डर आली. खाली डबा, वर झाकण, दोन्ही वेगळे. डब्याच्या तळाची प्रत्येक बाजू ६० मिमी धरली. झाकणाचीही ६० मिमीच धरली, कारण ते याच डब्यावर बसायचं होतं. स्क्रीनवर डबा चारी बाजूंनी फिरवून पाहिला, झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. अगदी नेमकं बसत होतं. डाय झाली, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या) बोर्डावर पंचिंग झालं, म्हणजे डायने खोके कापले गेले, नमुने जोडले आणि झाकण बसेना. जोर लावला की कोपरे फाटत होते. मालक रागावले नाहीत. फाटलेलं झाकण माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

डाय करणाऱ्याने फोनवर एकाच वाक्यात उत्तर दिलं, "झाकणाची बाजू ६०.९ करून पाठवा." मी पाठवली. नवी डाय आली, झाकण बसलं, ऑर्डर वेळेत गेली. पण हे ०.९ आलं कुठून? १ का नाही? २ का नाही? आकडा मी टाइप केला होता, मला तो समजला नव्हता. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ग्राहकाने पाठवलेला तोच डबा घरी आला, आणि पाहुण्यांसमोर त्याचं झाकण काढताना माझ्या मनात तेवढाच एक प्रश्न होता.

आमच्या राजेंद्रनगरात मागच्या गल्लीत एक काका राहतात. त्यांनी उभा जन्म पत्राकाम शिकवलं. डक्ट, टाक्या, चिमण्या, डबे. पत्रा कापायची कात्री अजून त्यांच्या खिडकीत खिळ्याला टांगलेली असते. भाऊबीज झाल्यावर एका हातात फराळाचा डबा आणि दुसऱ्या हातात तो षटकोनी डबा घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी चिवडा बाजूला ठेवला. षटकोनी डब्याच्या चिकटवलेल्या पट्ट्या सुरीच्या टोकाने एकेक करून सोडवल्या आणि डबा टेबलावर सपाट पसरला.

"हा असा कधी उघडून बघितलास?"

"माझ्याकडे फाइल आहे ना, काका."

"फाइल नाही गं. हा."

नव्हता बघितला.

"पत्रा महाग," ते म्हणाले, "म्हणून पोरांना आम्ही आधी कागद द्यायचो. कागदावर नाप बसला की मगच पत्र्याला हात. तू संध्याकाळी येत जा. कात्री आणू नकोस, इतक्यात लागणार नाही." काका मापाला नापच म्हणतात. इंदूरच्या कारखान्यांत उभं आयुष्य गेलेल्या आमच्या बहुतेक मराठी माणसांच्या बोलण्यात ते आहे.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी झेरॉक्सचा साधा ए-फोर कागद दिला. ८० जीएसएमचा. एक चौरस मीटरमध्ये असे सोळा कागद बसतात, म्हणजे एक कागद ५ ग्रॅमचा. दोन पुस्तकांच्या चवडी वीतभर अंतरावर ठेवून त्यांनी वर तो कागद पूल म्हणून टाकला. कागद स्वतःच्याच वजनाने मध्ये झुकला. "यावर पेला ठेवून दाखव," ते म्हणाले आणि आत चहा टाकायला गेले.

मी कागदाच्या लांबीच्या दिशेने सेंटिमीटर-सेंटिमीटरच्या घड्या घातल्या, एक वर, एक खाली, लहानपणी पंखा करायचो तशा. स्टीलचा पेला राहिला. मग अर्धा पेला पाणी ओतलं, तरीही राहिला. कागद तोच, वजन तेच ५ ग्रॅम. फरक एवढाच की मघाशी सगळा कागद एकाच पातळीत होता आणि आता त्याचा काही भाग वर, काही खाली गेला होता. त्याला उंची आली होती. पन्हळी पत्रा याच कारणाने छप्पर पेलतो. आमच्या कोरुगेटेड खोक्याच्या पोटातला लाटांचा थरही तेच करतो. ते थर मी बारा वर्षं पाहत होते, पण घडी म्हणजे ताकद ही गोष्ट माझ्या बोटांना त्या संध्याकाळी कळली.

त्यानंतरचे आठ दिवस नुसत्या घड्या. काका माझ्या घडीवरून नख फिरवून पाहायचे आणि वाकडी असेल तर काही न बोलता कागद परत द्यायचे. घडी घालताना कडेला कड जुळवायची, बोटाने आधी मधोमध दाबायचं, मग दोन्ही टोकांकडे जायचं. जाड कागद असेल तर आधी रिकाम्या बॉलपेनने पट्टीच्या कडेने रेघ ओढायची, म्हणजे खाच पडते. दुमडताना ती खाच बाहेर राहिली पाहिजे आणि मागचा बारीक उंचवटा आत गेला पाहिजे. मी आधी उलट करत होते, कारण खाचेकडे दुमडणं हाताला स्वाभाविक वाटतं. पंचिंग मशीनवर क्रीझ पडते तीही अशीच दुमडायची असते. मशीनवरच्या दादांना विचारलं तर ते म्हणाले, "मग काय, उलटं दुमडलं तर छपाई तडकते." त्यांना माहीत होतं. मी कधी खाली उतरून विचारलंच नव्हतं.

ग्रेनचंही तसंच. कागद कारखान्यात तयार होतो तेव्हा त्यातले तंतू बहुतेक एका दिशेने पडतात. त्या दिशेने घडी स्वच्छ पडते, आडवी घातली तर कड ओबडधोबड होते. एकाच कार्डशीटच्या दोन पट्ट्या, एक उभी कापलेली आणि एक आडवी, हातात धरून वाकवल्या की लगेच कळतं. एक मऊपणे वाकते, दुसरी विरोध करते. ऑर्डरच्या कागदावर मी 'ग्रेन' हा शब्द शेकडो वेळा लिहिला असेल.

मग नसराळं आलं. काकांनी विचारलं, "शेंगदाण्याच्या पुड्याचा कागद उलगडला तर आकार कसला?" मी म्हटलं चौकोनी, कारण पुडा वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्याचा असतो. "वाया जाणारा सोडून सांग." मी गप्प. त्यांनी १० सेंटिमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ कापून दिलं. (हे पहिलं कापणं, आणि तेही त्यांनीच केलं.) त्याच्या सरळ कडेचे दोन अर्धे भाग एकमेकांना जुळवले तर शंकू झाला. त्याच्या तोंडाचा व्यास मोजला. १० सेंटिमीटर. तिरकी बाजूही १०. म्हणजे हा शंकू बाजूने पाहिला तर तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण दिसतो. मी चकित झाले होते, आणि काकांना त्याचा आनंद लपवता येत नव्हता. अर्धवर्तुळाची वक्र कड १० × पाय (π), म्हणजे जेमतेम साडेएकतीस सेंटिमीटर, तीच तोंडाचा परीघ होते, हिशेब इतकाच. अर्ध्याऐवजी पाव वर्तुळ घेतलं तर नसराळं निमुळतं, पाऊण घेतलं तर पसरट. कागदावरचा कोन आणि उभ्या वस्तूचा कोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकावरून दुसरी काढता येते. पत्राकामात याला डेव्हलपमेंट म्हणतात. मी त्याला 'आराखडा' म्हणून बारा वर्षं फक्त कॉपी करत होते.

घरी लेक आठवीत. नसराळी करताना ती शेजारी येऊन बसायची, आणि घनाचा खेळ आम्ही दोघींनी मिळून खेळला. सहा सारखे चौकोन कडेला कड लावून किती प्रकारे जोडता येतात? पस्तीस. त्यांपैकी कितींचा दुमडून घन होतो? फक्त अकरा. हे आकडे पुस्तकात आहेत, पण मी लेकीला ते सांगितले नाहीत. आम्ही कागद कापून शोधत राहिलो. पहिल्या रात्री सात सापडले. नंतरचे तीन यायला चार दिवस लागले. शेवटचा अकरावा, तीन-तीन चौकोनांच्या दोन रांगा पायरीसारख्या एका कडेने जोडलेल्या, तो तिने सकाळी दात घासताना ओरडून सांगितला. कागद नव्हता हातात. तिने तो मनात दुमडला होता.

त्या क्षणी मला कळलं की मी स्वतः ते अजून करू शकत नाही. मी कागद दुमडून पाहायचे आणि मग हो किंवा नाही म्हणायचे. म्हणून रोज रात्री झोपण्याआधी मी एक आराखडा डोळे मिटून दुमडायचा सराव केला. एक चौकोन तळ धरायचा, त्याला हलवायचं नाही. शेजारचे उभे करायचे, त्यांच्या पलीकडचे वर आणायचे. पहिले काही दिवस चौथ्या चौकोनानंतर सगळं विरघळून जायचं. तीनेक आठवड्यांनी पाचवा टिकायला लागला.

याच खेळातून एक गोष्ट मिळाली जी मी आता रोज वापरते. घनाला बारा कडा असतात. कुठलाही आराखडा घ्या, त्यात पाच कडा दुमडीच्या राहतात आणि सात कापलेल्या असतात. म्हणून चिकटवायच्या पट्ट्या सातच लागतात, एक जास्त नाही, एक कमी नाही. आणि त्या कुठे द्यायच्या? आराखड्याच्या बाहेरून चालत जायचं आणि एक सोडून एक कडेला पट्टी द्यायची. कापलेली प्रत्येक कड बाहेरून दोनदा येते, म्हणून चौदा कडा, सात पट्ट्या, प्रत्येक जोडाला बरोबर एक. हे अकराही आराखड्यांना लागू पडतं. लेकीने सगळ्यांवर करून पाहिलं. नव्या आकाराच्या खोक्यावर पूर्वी मी पट्ट्या अंदाजाने द्यायचे आणि नमुना जोडताना कुठे दोन यायच्या, कुठे एकही नाही.

याच दिवसांत मी बाउहाउसबद्दल वाचलं. जर्मनीतल्या त्या कलाशाळेत १९२३ पासून जोसेफ आल्बर्स नव्या विद्यार्थ्यांना पायाभूत अभ्यासक्रम शिकवायचे, १९३३ साली शाळा बंद होईपर्यंत. त्यांच्या एका विद्यार्थ्याने लिहून ठेवलंय की त्यांनी वर्गात वर्तमानपत्रं वाटली आणि कागदापासून असं काही करा म्हटलं ज्यात कागद वाया जाणार नाही आणि त्याचा कागदपणा राहील. कुणी मुखवटे केले, कुणी विमानं, किल्ले. आल्बर्सना आवडला तो फक्त लांबीने दुमडून उभा केलेला कागद. टेबलावर पडलेल्या कागदाची एकच बाजू दिसते, उभा राहिला की दोन्ही दिसतात. हे काकांना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या चिंचाळकर गुरुजींना हा माणूस आवडला असता." इंदूरच्या मराठी घरांत चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजींचं नाव माहीत नसलेलं त्या पिढीतलं माणूस सापडायचं नाही. वाळकं पान, बी, चिंधी, मोडकी वस्तू, जे असेल त्यात ते चेहरा पाहायचे, पक्षी पाहायचे.

आल्बर्सच्या वर्गातला एक नमुना मी करून पाहिला, आणि या सगळ्या वर्षातला माझा सर्वांत आवडता अनुभव तोच आहे. जाडसर कागदाचं वर्तुळ कापायचं, मध्ये गोल भोक. कंपासने एकाच केंद्राची वर्तुळं सेंटिमीटर-सेंटिमीटरवर रेखायची, बोथट टोकाने खाच पाडायची. मग एक वर्तुळ डोंगर, पुढचं दरी, पुन्हा डोंगर, असं दुमडत जायचं. वक्र रेघेवर घडी घालायला फार वेळ लागतो. चिमटीत धरून इंचइंच पुढे सरकायचं. मी खजुरी बाजारातून सहा कार्डशीट आणल्या होत्या, त्यांपैकी चार फाटल्या. पाचवी टिकली. शेवटची घडी दाबल्यावर कागद हातात आपोआप मुरगळला. दोन बाजू वर, दोन बाजू खाली, घोड्याच्या खोगिरासारखा. मी त्याला वाकवलं नव्हतं. टेबलावर सपाट दाबलं तरी सोडल्यावर परत खोगीर.

का होतं असं, ते मी काकांना विचारलं नाही. स्वतः शोधायचं ठरवलं होतं. दोन दिवस लागले. घड्यांनी कागद केंद्राकडे आत ओढला जातो, म्हणजे त्रिज्या कमी होते. पण प्रत्येक वर्तुळाचा परीघ जेवढा होता तेवढाच राहतो, कारण त्या दिशेने कुठे चुणी घातलेलीच नाही. कमी झालेल्या त्रिज्येच्या वर्तुळात तो जास्तीचा परीघ मावत नाही. मग त्याला वर-खाली व्हावंच लागतं. माझ्या झाकणाला जागा हवी होती आणि ती मी दिली नव्हती. या कागदालाही जागा हवी होती, आणि त्याने ती तिसऱ्या दिशेत शोधली.

कापण्याची पाळी आली ती संक्रांतीनंतर. काकांना हे फारसं पसंत नव्हतं. एका कार्डावर चिरा देऊन, दुमडून इमारत उभी करायची, म्हणजे कार्ड उघडलं की घर उभं राहतं, हा त्यांच्या मते शाळेतल्या मुलांचा उद्योग. इथे माझं त्यांच्याशी पटलं नाही, आणि आजही पटत नाही. मासाहिरो चातानी या जपानी वास्तुरचनाकाराने १९८१ च्या सुमारास या प्रकाराला शिस्त लावली. एक कागद, चिकटवायचं काही नाही, चिरा आणि घड्या एवढंच. वस्तू बंद होते तेव्हा ती पूर्ण सपाट असते, उघडते तेव्हा उभी. म्हणजे दोन्ही अवस्थांचा हिशेब एकाच कागदावर मांडायचा. माझ्या कामाला याहून जवळचा सराव मला तरी माहीत नाही.

सोपं उदाहरण सांगते. कार्ड मधून दुमडलं, वरचा अर्धा भाग भिंत, खालचा अर्धा जमीन. भिंतीला लागून ४ सेंटिमीटर उंच आणि ३ सेंटिमीटर पुढे आलेली पेटी हवी. दोन उभ्या समांतर चिरा द्यायच्या, मधल्या घडीच्या वर ४ आणि खाली ३, एकूण ७ सेंटिमीटर. वरच्या टोकाला आडवी घडी, खालच्या टोकाला आडवी घडी, आणि वरच्या घडीपासून ३ सेंटिमीटर खाली तिसरी, उलट दिशेची. तो पेटीच्या माथ्याचा पुढचा काठ. दोन चिरांमधली कार्डाची मूळ घडी मात्र सपाट सोडायची. कार्ड काटकोनात उघडलं की पेटी पुढे येते. चिरा फक्त कागदाला मोकळं करतात, काम घड्याच करतात.

मला इंदूरचा राजवाडा करायचा होता. एका रविवारी सकाळी लेक आणि मी तिथे गेलो, गर्दी व्हायच्या आत. समोरच्या चौकात उभं राहून मजले मोजले. सात. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. कमान, झरोके, सज्जे. लहानपणापासून कितीदा समोरून गेले असेन. पण कुठला भाग किती पुढे आला आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. लेकीने वहीत दर्शनी चित्र काढलं, मी शेजारी आकडे लिहिले. हा भाग भिंतीपासून दोन, हा एक, हा चार. तेच माझ्यासाठी चित्र होतं.

पहिला राजवाडा उघडल्यावर छान उभा राहिला. मधला दरवाज्याचा बुरुज १२ सेंटिमीटर उंच, ४ पुढे. मी कार्ड बंद केलं तर बुरुजाचा वरचा काठ कार्डाच्या बाहेर सेंटिमीटरभर डोकावला. कार्डाचा अर्धा भाग १५ सेंटिमीटरचा होता. खूप वेळ पाहिल्यावर लक्षात आलं: भिंत आणि जमीन मिटत जाते तशी पेटी तिरकी होत जाते, आणि पूर्ण मिटल्यावर तिची उंची आणि खोली एका रेषेत येऊन बेरीज होते. १२ अधिक ४, सोळा. पंधराच्या कार्डात सोळा कसे मावणार? मी बुरुज ११ चा केला. बरोब्बर काठाला काठ बसला. आता कुठलीही पेटी काढायच्या आधी मी ही बेरीज करते.

काकांकडे तो राजवाडा नेला. त्यांनी तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला. असं पाच-सहा वेळा. मग म्हणाले, "ठेवून जा आठ दिवस."

राहिलं ते ०.९. तिथे मी मुद्दाम सगळ्यात शेवटी गेले. आधी षटकोन घडीने काढायला शिकले, कोनमापक न वापरता. चौरस कागद उभा अर्धा दुमडून मध्यरेषा पाडायची. मग खालचा उजवा कोपरा उचलून त्या मध्यरेषेवर टेकवायचा, घडी खालच्या डाव्या कोपऱ्यातून गेली पाहिजे. खालची कड आता मूळ जागेशी ६० अंशांचा कोन करते. कारण कडेची लांबी बदललेली नाही, आणि तिचं टोक अर्ध्या अंतरावर आलं आहे. अशा घड्यांनी भूमिती शिकवणारं पुस्तक टी. सुंदर राव यांनी मद्रासहून १८९३ साली इंग्रजीत काढलं होतं, आणि जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली होती. आपल्याकडच्या माणसाने केलेलं हे काम आपल्या शाळांत दिसत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर झाकण. षटकोनाच्या समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर म्हणजे बाजू गुणिले १.७३२. साठ बाजूला साधारण १०३.९ मिमी. ३०० जीएसएमचा बोर्ड ०.४ मिमी जाड. डब्याच्या भिंती बाहेरून मोजल्या तर जाडीमुळे अंतर थोडं वाढतं, झाकणाच्या भिंती आतून मोजल्या तर तेवढंच कमी होतं. दोन्ही मिळून ०.८ मिमी तिथेच गेले. शिवाय कोपऱ्यांत चिकटवलेल्या पट्ट्या, तिथे बोर्ड दुहेरी होतो. आणि झाकण सहज निघावं म्हणून थोडी हवा. म्हणून समोरासमोर सुमारे दीड मिमी जास्त हवे. पण बाजू दीडने वाढवायची नाही. दीड भागिले १.७३२, म्हणजे ०.८७. म्हणून ०.९.

हे मी कॅल्क्युलेटरवर काढलं नाही. आधी ए-फोरचे षटकोनी डबे केले, त्यांत झाकण ६० चंच बसत होतं, कारण कागद पातळ. मग १८० जीएसएम, जरा घट्ट. मग ३००, बसेना. एकेका दहांशाने बाजू वाढवत गेले. ६०.८ ला झाकण अडकत अडकत बसलं, ६०.९ ला हवा सोडत अलगद उतरलं. तो आवाज मी दोनदा ऐकला, मग तिसऱ्यांदा. गणित त्यानंतर केलं. डाय करणाऱ्याला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "आम्ही हाताच्या अंदाजाने सांगतो मॅडम, तुम्ही हिशेब काढलात." त्याचा हात इतका बरोबर होता, हे मला हिशेबाइतकंच मोठं वाटलं.

स्क्रीनवर डबा फिरवणं मी सोडलेलं नाही. ते लागतंच. पण स्क्रीनवरच्या बोर्डाला जाडी देण्याची सोय असते, आणि मी ती कधी वापरली नव्हती, कारण जाडी हवी असते हेच मला ठाऊक नव्हतं. आता प्रत्येक नव्या डब्याचा पहिला नमुना मी हाताने कापते, त्याच बोर्डाचा, त्याच ग्रेनचा. मालकांनी माझ्या टेबलावर एक कटिंग मॅट आणि चांगली स्टीलची पट्टी घेऊन दिली आहे.

यंदा अष्टकोनी डब्याची ऑर्डर आली. नमुना माझ्या हातून पहिल्याच खेपेला बसला. तो घेऊन मी पहिल्यांदाच खालच्या हॉलमध्ये गेले, जिथे बायका सतरंजीवर बसून डबे जोडतात, दिवसाला शेकड्यांनी. त्यांच्यातल्या एका ताईंना डबा दिला. त्यांनी तो सोडवला, पुन्हा जोडला, आणि आतली लॉकची जीभ मला दाखवली. "हे इथं अंगठ्याच्या नखाला लागतं बघा. दहा डब्यांना काही नाही. पाचशे झाले की नख दुखतं." मी जीभ बघितली. कोपरा काटकोनी होता. तिथेच बसून ब्लेडने तो कोपरा गोल केला आणि डबा परत त्यांच्या हातात दिला. त्यांनी तिकडे न बघता, बाजूच्या बाईशी बोलत बोलत जोडला. मग म्हणाल्या, "आता दुसऱ्या बाजूचं पण कापा."